चौदा नंबरच्या खाटेवरची तक्रार

उल्काताई रिसबूड यांना पाचपैकी एक पूर्णांक नऊ गुण मिळाले. त्याच यादीत प्रसूतिगृहाच्या लिफ्टला चार पूर्णांक तीन मिळाले होते, आणि लिफ्ट मार्चपासून बंद होती.

यादी लागली तेव्हा डिसेंबर चालू होता. शहराच्या पूर्वेकडच्या त्या सरकारी प्रसूतिगृहात उल्काताई बावीस वर्षं समुपदेशक होत्या. बाळंतीण घरी जायच्या आधी तिला आपल्या खोलीत बोलवायचं, पुढचं मूल कधी हवं, हवं की नको ते विचारायचं, आणि इतक्यात नको असेल तर तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध, ऑपरेशन यांतलं तिला काय मानवेल ते समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. ते त्या चोख करत. फक्त त्यांचं माहेर शनिवार पेठेत आणि सासर दोन बोळ सोडून शनिवार पेठेतच, त्यामुळे माहितीवर साखर पेरायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. प्रश्न विचारला की उत्तर. तोच पुन्हा विचारला की तेच उत्तर जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा विचारला की, "आपलं लक्ष कुठे होतं?" रागावतानासुद्धा त्या 'अहो' सोडत नसत, म्हणून तो राग जरा जास्तच लागे.

"मॅडम, या तांबीची गॅरंटी काय?" असं एका नवरोबांनी एकदा विचारलं होतं.

"लग्न करताना विचारली होतीत?" उल्काताई म्हणाल्या. नवरोबांची बायको बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली.

तर अशा सगळ्यात त्या वर्षी वरून 'समाधान पत्रक' आलं. घरी जाताना प्रत्येक बाळंतिणीनं भरायचं. प्रत्येक प्रश्नापुढे पाच गोल चेहरे, रडक्यापासून खदखदून हसणाऱ्यापर्यंत, आणि खाली 'आपला अभिप्राय' म्हणून दोन ओळी मोकळ्या. महिनाअखेरीला त्याची बेरीज झाली आणि डॉ. कादंबरींनी उल्काताईंना आत बोलावलं. कादंबरी मॅडम प्रसूतिगृहाच्या प्रमुख, वयानं उल्काताईंच्या मुलीएवढ्या, आणि कुणाला वाईट सांगायची वेळ आली की आधी स्वतःच पाणी पिणाऱ्या. त्या पाणी प्यायल्या.

"ताई, तुमच्या ज्ञानाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण हे बघा ना. 'बाई हुशार आहेत पण भीती वाटते.' 'शाळेची आठवण झाली.' आणि हे, 'माझ्या मिस्टरांना चांगलं बोलल्या.'"

"हा चांगला आहे की."

"त्यावर रडका चेहरा आहे."

"मग मिस्टरांनी भरला असेल."

"ताई," कादंबरी मॅडम पुन्हा पाणी प्यायल्या, "थोडं गोड बोलून बघाल का? बस, एवढंच."

उल्काताई घरी गेल्या त्या कानशिलं तापवून. त्यांचे यजमान श्रीनिवासराव, निवृत्त गणित शिक्षक, वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसले होते. उल्काताई समोर बसल्या, चेहऱ्यावर हसू आणलं आणि म्हणाल्या, "नमस्कार! कसं वाटतंय आता? अगदी मनात येईल ते मोकळेपणानं विचारा हं."

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हे तुला येतं?" ते म्हणाले. "मग बत्तीस वर्षं कुठे ठेवलं होतंस?"

दुसऱ्या दिवशी पहिली आली ती जया नावाची मुलगी, बरोबर तिची आई. उल्काताई दारापर्यंत सामोऱ्या गेल्या. जयाचा हात हातात घेतला. "ये गं राणी, बस. दमलीस का? बाळ किती गोड आहे! आई, तुम्हीही बसा. पाणी हवंय?" असं म्हणून त्यांनी तोंडभर हसून त्या दोघींकडे पाहिलं.

जयाच्या आईचा चेहरा पांढरा पडला. वॉर्डात तिनं उल्काताईंबद्दल सगळं ऐकलेलं होतं. ती तशीच उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून तिनं हंबरडा फोडला.

"काय झालं ते सांगा हो स्पष्ट! बाळाला काय झालंय? तुम्ही एवढ्या गोड बोलताय म्हणजे नक्की काहीतरी झालंय!"

वॉर्डातल्या दोन नर्स धावत आल्या. बाळाला उघडून दाखवावं लागलं, हातापायाची बोटं मोजून दाखवावी लागली, आणि शेवटी उल्काताई कडाडल्या, "अहो, आपल्या बाळाला काहीएक झालेलं नाही! आता डोळे पुसा आणि तोंड मिटून ऐका!" तेव्हा कुठे त्या बाईंचा जीव भांड्यात पडला.

तरी उल्काताईंनी हट्ट सोडला नाही. दोन आठवडे त्या गोड बोलल्या. बोलून बोलून गालफडं दुखायला लागली, पण गुण चढले. चार पूर्णांक सात! कादंबरी मॅडमनी सर्वांसमोर टाळ्या वाजवल्या. लिफ्ट मागे पडली.

पण उल्काताईंना राहवेना. त्या दिवशी घरी जाणाऱ्या तीन बायकांना, तिघींनीही खदखदून हसणारा चेहरा लावलेला, त्यांनी व्हरांड्यात गाठलं.

"मी काय सांगितलं तुम्हाला?"

"छान सांगितलं," पहिली म्हणाली.

"हो, पण काय?"

"सगळंच छान."

दुसरीला आठवत होतं की मॅडमच्या साडीचा रंग कुसुंबी होता. तिसरी मात्र आत्मविश्वासानं म्हणाली, "तांबीचं सांगितलं ना. आमच्या सासऱ्यांनी पण घातलीय. मनगटात. बीपीसाठी चांगली असते."

उल्काताई त्याच पावली खोलीत परत गेल्या आणि हसू खणात ठेवून दिलं. नमुन्याची पेटी बाहेर काढली, आणि त्या दिवसापासून नवीन पद्धत सुरू केली: आधी त्यांनी सांगायचं, मग समोरच्या बाईनं तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. चुकलं तर पुन्हा. बायका घामाघूम होऊन बाहेर पडत, पण तांबी कुठे बसवतात ते प्रत्येकीला पक्कं ठाऊक झालं. गुण दोन पूर्णांक चारवर आले.

अशा वेळी चौदा नंबरच्या खाटेवर रुपाली आली. वरूडजवळच्या खेड्यातली, वय तेवीस. नवरा तेजस हडपसरला कारखान्यात, राहायला मांजरीला, एका खोलीत आणि स्वयंपाकघरात. पहिलीच मुलगी झाली होती, तीन किलोची. बाळंतपणासाठी गावाहून सासू आली होती, दुर्गाबाई. ठेंगणी, घट्ट बांध्याची, केसांत एक पांढरा नाही. बरोबर डिंकाच्या लाडवांचा एवढा मोठा डबा की वॉर्डातल्या नर्सनी तिला पहिल्याच दिवशी नात्यात घेऊन टाकलं.

उल्काताईंनी रुपालीला बोलावलं, तर दुर्गाबाई तिच्या आधी येऊन खुर्चीत बसल्या.

"पुढचं मूल कधी हवंय तुम्हाला?" उल्काताईंनी रुपालीला विचारलं.

"तीन वर्सानं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मी यांना विचारतेय."

"तिले काय समजते जी? लहान हाय पोरगी. तुमी मले सांगा, मी तिले समजावून सांगतो."

"तांबी म्हणजे काय, माहीत आहे?" उल्काताई पुन्हा रुपालीकडे वळल्या.

"हाव, माहीत हाय," दुर्गाबाई पुढे सरकल्या. "पण ती कितीक वयापर्यंत चालते? म्हणजे चाळीसच्या वर कोणी असन तर? अन् ते इंजेक्शन? ते कोणाले चालत नाही?"

उल्काताईंनी चष्म्यावरून पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी अशा सासवा शेकड्यानं पाहिल्या होत्या, सुनेच्या तोंडचा घास आणि तोंडचा शब्द दोन्ही आपणच घेणाऱ्या. नियम स्पष्ट होता: बाळंतिणीशी एकटीशी बोलायचं.

"दुर्गाबाई, आपण जरा बाहेर बसा."

"मी चूप बसतो न."

"बाहेर चूप बसा."

दुर्गाबाई गेल्या, पण दार पुरतं लागलं नाही. फटीतून हिरव्या लुगड्याचा काठ शेवटपर्यंत दिसत राहिला. आत रुपालीनं सगळं शांतपणे ऐकलं, तीन महिन्यांच्या इंजेक्शननं दूध कमी होतं का ते विचारलं, होत नाही पण बाळ दीड महिन्याचं झाल्यावरच घ्यायचं हे समजून घेतलं, तोवर निरोध वापरायचा हेही न लाजता परत म्हणून दाखवलं, आणि दहा मिनिटांत ती मोकळी झाली. उल्काताईंना वाटलं, आज एक तरी हसरा चेहरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा नंबरचं पत्रक आलं. सातच्या सात रडके चेहरे. खाली, शाळेतल्या कित्त्यासारख्या सुरेख अक्षरात लिहिलेलं: 'महत्त्वाची माहिती द्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी मला विचारलेसुद्धा नाही.'

उल्काताईंनी तो कागद दोनदा वाचला. भीती वाटते, शाळा आठवते, हे ठीक. पण विचारलंच नाही? हे त्यांच्या वर्मी बसलं. त्या तडक वॉर्डात गेल्या. दुर्गाबाई बाळाची दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या आणि रुपाली बाळाला पाजत होती.

"माझं काय चुकलं ते मला सांगा," उल्काताई पत्रक पुढे धरून म्हणाल्या. "मी आपल्याला काय विचारलं नाही?"

रुपालीनं वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अवो मॅडम, हे माझं नाहीच. मी तर तुम्हाला हसरा लावणार होते. फॉर्म आईंनी हातातून घेतला. हे त्यांचं अक्षर आहे, सातवीपर्यंत पहिल्या नंबरानं पास झाल्या होत्या त्या." मग तिनं दाराकडे एकदा पाहून आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्हाला वाटलं त्या माझ्यासाठी बसल्या होत्या?"

"मग कुणासाठी?"

"मी काही बोलणार नाही. त्या माझ्या सासूबाई आहेत." रुपाली बाळाकडे बघत म्हणाली. "पण सहा दिवस झाले, त्या देवाजवळ कॅलेंडर घेऊन बसतात अन् बोटं मोजतात. अन् त्यांचं वय बेचाळीस आहे. एवढंच सांगते."

उल्काताईंना आदल्या दिवशीचा प्रश्न आठवला. चाळीसच्या वर कोणी असन तर? बावीस वर्षांचा अनुभव, आणि समोर बसलेली बाई त्यांना दिसलीच नव्हती. त्या जिना चढून गच्चीवर गेल्या. दुर्गाबाई दुपटं झटकत होत्या.

"दुर्गाबाई, खाली चला. माझ्या खोलीत."

"कागद वाचला वाटते," दुर्गाबाई हनुवटी वर करून म्हणाल्या. "मी खरं तेच लिवलं."

"खरं लिहिलंत म्हणूनच बोलावतेय. चला."

या वेळी उल्काताईंनी दार लावलं, कडीही घातली. दुर्गाबाईंना खुर्ची दिली, समोर स्वतः बसल्या, आणि ज्या आवाजात त्या सगळ्यांना विचारत त्याच आवाजात विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

दुर्गाबाईंनी आधी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "संक्रांतीच्या आधी. दोन आठवडे वर झाले जी." आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "आता कसं करू मी? सून बाळंतीण अन् सासूले दिवस! नात पाळण्यात अन् तिचा काका पोटात! गावात तोंड काढाले जागा राहणार नाही. तेजसनं ऐकलं तर तो मले गाडीत बसवून देईन!"

"रडून काही कळणार नाही. तपासून कळेल," उल्काताई म्हणाल्या. त्यांनी बाटली हातात दिली, न्हाणीघर दाखवलं, आणि दुर्गाबाई परत आल्यावर पट्टी टेबलावर ठेवून घड्याळ लावलं. "पाच मिनिटं. एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर बोलू. तोवर मला सांगा, इतकी वर्षं काय करत होतात?"

"इतकी वर्षं देवाची कृपा," दुर्गाबाई नाक पुसत म्हणाल्या. "अन् ते वावरात झोपाले जात. तेजसच्या पाठीवर दोन पोरी झाल्या, मंग मी म्हटलं, आता माहं ऑपरेशन करून टाकू. तर तवा कापूस वेचाले आला होता. मंग सासरे वारले. मंग हे म्हणाले, तू काहून करतं? मी करतो. माणसाचं सोपं असते, शिबिरात सांगितलं. मले एवढा आनंद झाला जी! पुऱ्या गावात माह्या नवऱ्यासारखा नवरा नाही असं वाटलं. मी त्यायले नवा सदरा शिवला. तालुक्याले शिबिर होतं. नाव लिवलं, नंबर लागला, सातवा. पाच झाले, सहा झाले, अन् डाक्टर बाहेर येऊन म्हणाले, बापूराव कोण? तर बापूराव नाही. संडासात पाह्यलं, नाही. उसाच्या रसाच्या दुकानात पाह्यलं, नाही. मी स्टॅंडवर गेली, तर बस फाटकातून निघून राह्यली होती अन् मांगच्या खिडकीत तो नवा सदरा!"

उल्काताईंना हसू आवरेना. त्यांनी तक्त्याकडे तोंड केलं, पण खांदे हलतच राहिले. दुर्गाबाईंनी ते पाहिलं, आधी रागावल्या, आणि मग त्यांनाही हसू फुटलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. घड्याळ वाजलं तेव्हा दोघी एकदम दचकल्या.

पट्टीवर एक रेघ होती. उल्काताईंनी ती उजेडात धरली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"एक."

"दुसरी नाही?"

"नाही. तरी पाळी आली नाही तर आठवड्यानं पुन्हा तपासू. या वयात पाळी मागेपुढे होते, डॉक्टरांनाही दाखवून घेऊ."

दुर्गाबाईंनी पट्टीला हात जोडले. मग डोळे पुसून खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "हं. आता काल मले बाहेर काढल्यावर तिले जे जे सांगितलं, ते पहिल्यापासून सांगा."

उल्काताईंनी सांगितलं. तांबी, गोळी, इंजेक्शन, निरोध, बाईचं ऑपरेशन, पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी. दुर्गाबाई मध्येमध्ये थांबवत आणि असे प्रश्न विचारत की उल्काताईंना दोनदा पुस्तक काढावं लागलं. शेवटी परत सांगायची वेळ आली, तर त्यांनी सगळं न चुकता म्हणून दाखवलं, नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरावाच लागतो आणि मग तपासणी करून खात्री करायची असते, इथपर्यंत.

"बावीस वर्षांत इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं," उल्काताई म्हणाल्या.

"मले आधी कोणी विचारलंच नव्हतं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मग आपण काय घेणार?"

"मी काहून घेऊ? ज्यायचा नंबर राह्यला हाय, त्यायचा लागू द्या. बारशाले येऊन राह्यले ते. पण तुमी बोला त्यायच्याशी. मी बोलली की ते वावरात जातात."

"मी बोलेन. पण इच्छा त्यांची हवी. जबरदस्तीनं मी कुणाचं करत नाही."

"जबरदस्ती नाही जी," दुर्गाबाई उठत म्हणाल्या, "फक्त बस सुटू देऊ नका."

आठवड्यानं त्या ठरल्याप्रमाणे पुन्हा आल्या, पण खोलीपर्यंत पोचायचा धीर त्यांना नव्हता. व्हरांड्याच्या त्या टोकापासूनच त्यांनी हात उंचावून आरोळी ठोकली, "आली, बाप्पा, आली!" रांगेतल्या वीसेक बायकांनी माना वळवून दाराकडे पाहिलं, कोण आली म्हणून. उल्काताई मात्र खोलीतून बाहेर येऊन सर्वांसमक्ष म्हणाल्या, "अभिनंदन!"

बारसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी बापूराव आले. सहा फूट उंच, भरघोस मिशा, खांद्यावर संत्र्यांची गोणी. गोणी त्यांनी टेबलाशेजारी ठेवली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले, दाराकडे तोंड करून.

"शिबिरातून आपण पळून गेला होतात म्हणे," उल्काताई म्हणाल्या.

"पळालो नव्हतो जी. बस सुटून राह्यली होती."

"आणि आपण तिच्यात बसलेले होतात, हा योगायोग."

बापूरावांनी मिशीवरून हात फिरवला. उल्काताईंनी त्यांच्यासमोर कागद ओढून चित्र काढलं. ही नळी, इथे एवढंसं छिद्र, टाके नाहीत, वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. गोड बोलायचं असतं हे उल्काताईंना आठवलंसुद्धा नाही. बापूराव चित्राकडे बघतच म्हणाले, "ताकद जाते म्हणते लोकं."

"कुठली ताकद? ही गोणी आपण आणलीत ती?"

"ते नाही जी. दुसरी."

"तीही जात नाही. एकही ताकद जात नाही. आठवडाभर जड उचलायचं नाही, एवढंच."

"लोकाईले समजन?"

"माझ्याकडून नाही," उल्काताई म्हणाल्या.

"माह्याकडून समजन," दाराबाहेरून दुर्गाबाईंचा आवाज आला. "मी सगळ्यायले सांगीन. मी म्हणन, माह्या नवऱ्यानं माह्यासाठी केलं. तुमच्या नवऱ्यानं काय केलं ते सांगा."

बापूरावांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल पडला. हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. विचार करायला त्यांना वेळ हवा होता, उल्काताईंनी दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन सही केली आणि बुधवारची तारीख ठरली. शेजारच्या मोठ्या रुग्णालयात, सकाळी दहाला.

बुधवारी पावणेदहाला दुर्गाबाई धापा टाकत उल्काताईंच्या खोलीत.

"गेले जी! तिथं रांगेत बसवलं, मी कागद आणाले गेली, अन् आली तर नाही!"

उल्काताईंनी समोरच्या बाईला "येतेच मी, पण सांगितलेलं विसरायचं नाही" असं बजावलं आणि चप्पल पायात सरकवली. त्यांनी स्टॅंड वगैरे शोधला नाही. त्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिच्या बाकावर बापूराव बसले होते. हातातला चहा तसाच होता, वर साय धरलेला.

"मी पळालो नाही," ते म्हणाले.

"दिसतंय," उल्काताई म्हणाल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दुर्गाबाईंना त्यांनी हातानंच लांब थांबवलं. आपल्यासाठीही चहा सांगितला. तो येईपर्यंत दोघंही रस्त्यावरची वाहनं बघत राहिले.

"तुमाले भेव नाही वाटत कशाचं?" बापूरावांनी विचारलं.

एरवी उल्काताईंनी याचं उत्तर एका शब्दात दिलं असतं. पण तो मिशाळ माणूस गुडघे जुळवून बसला होता, आणि त्यांना खोटं बोलवेना.

"वाटतं की. दर महिन्याला एक कागद लागतो आमच्याकडे. कोण बाई चांगली, कोण वाईट, त्याचा. बावीस वर्षं काम करतेय, पण तो लागला की मी मागच्या जिन्यानं जाते. तोंड चुकवून. म्हणजे मीही एका अर्थी बसमध्ये जाऊन बसतेच." त्यांनी घोट घेतला. "घरी यांनासुद्धा सांगितलेलं नाही हे. आपण कुणाला सांगू नका."

"नाही सांगत जी," बापूराव गंभीरपणे म्हणाले. त्यांनी साय फुंकून बाजूला केली, थंड झालेला चहा एका दमात संपवला आणि उभे राहिले. "चला. नंबर जाईन."

उल्काताई त्यांच्याबरोबर आतल्या दारापर्यंत गेल्या. बापूराव एकदाही मागे न बघता आत शिरले. बाहेर दुर्गाबाई बाकड्यावर बसून दोन्ही हातांनी पदर पिळत होत्या आणि इतकी वर्षं जे घडलं नाही ते आता घडतंय म्हणून त्यांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटत होती. "दुखन का हो त्यायले? ते काट्यालेही भेतात, सांगत नाहीत एवढंच," असं त्या सतरा वेळा म्हणाल्या, आणि सतराही वेळा उल्काताईंनी त्यांना तेच उत्तर त्याच आवाजात दिलं.

अर्ध्या तासानं बापूराव बाहेर आले. पावलं जपून टाकत, पण मान ताठ. दुर्गाबाई पुढे झाल्या, त्यांच्या सदऱ्याची वर गेलेली कॉलर नीट केली आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. बापूरावांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "एवढंच होतं?"

"एवढंच," उल्काताई म्हणाल्या. "आता डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला परत सांगा."

बापूरावांनी भर व्हरांड्यात उभं राहून सगळं म्हणून दाखवलं. तीन महिन्यांची गोष्ट सांगताना आवाज जरा खाली गेला, तेव्हा दुर्गाबाईंनी ती मोठ्यानं पुरी केली.

फाटकाशी रिक्षा उभी होती. दुर्गाबाईंनी घरून आणलेली उशी सीटवर ठेवली, वर चादरीची घडी घातली, बापूरावांना दोन्ही दंडांना धरून आत बसवलं आणि स्वतः पुढे वाकून चालकाला बजावलं, "हळू चालव बा, खड्डे पाहून. मांगं बाळंतीण हाय."

चालकानं आरशात पाहिलं. मागे सहा फुटी, भरघोस मिशांचा माणूस गुडघे फाकवून, डोळे मिटून, अत्यंत समाधानी चेहऱ्यानं बसला होता. चालकानं गिअर टाकला आणि मांजरीच्या रस्त्याला रिक्षा इतक्या हळू लावली की मागून येणारी सायकलसुद्धा तिला घंटी वाजवून पुढे गेली.